फुटायच्या आत

दयानंदनं कोळंबीच्या पेट्या आजच्या विमानात घातल्या आणि कापडाचे गठ्ठे जहाजाकडे वळवले. बेंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात बसून हे सगळं एका बोटानं होत होतं. समुद्रापलीकडच्या त्या बेटावर ज्वालामुखी धुमसत होता, विमानांसाठी नारिंगी इशारा लागला होता, आणि डोंगर फुटायच्या आत मालवाहतूक कंपनीचं तिथलं गोदाम रिकामं करायचं काम त्याच्याकडे होतं. दयानंद ताकही फुंकून पिणारा माणूस. अशा वेळी ऑफिसला तोच आठवायचा आणि त्याला ते आवडायचंही.

एकच पेटी अडली होती. तिच्यात रविकिरण होता. इथल्याच जे. पी. नगरचा मुलगा, बेटावरच्या हॉटेलात स्वयंपाकी. झोपेतच हृदय बंद पडून गेला. मृतदेह देशाबाहेर न्यायचा परवाना अजून आला नव्हता आणि आजचं विमान त्याच्यासाठी थांबणार नव्हतं.

“परवाच्या विमानात जागा धरून ठेवू का, सर?” शेजारच्या टेबलावरच्या अनुषानं विचारलं.

“परवा विमान असेल कशावरून? राख उडाली की आकाशच बंद. तिथल्या शवागाराची वीज गेली तर?”

“पण सर, अजून काहीच झालेलं नाही.”

“झाल्यावर तयारी करतात का?”

फोन त्यानंच लावला. रविकिरणच्या आईनं, सत्यवतीबाईंनी, तो पहिल्याच रिंगला उचलला.

“अण्णा, आणताय ना त्याला?”

दयानंद निपाणीकडचा, त्या पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या. मराठीच्या एवढ्याशा धाग्यावर बाईंनी सगळा भार टाकला होता.

“अक्का, डोंगर कधी फुटेल नेम नाही. तिकडंच उरकून घेतलेलं बरं. अस्थी मी आणवतो, माझा शब्द.”

“स्वल्प थांबून बघूया की. तोंड तरी बघायला मिळू दे हो.”

“थांबलो आणि तो तिकडंच अडकला, तर त्याचे हाल होतील, अक्का.”

हाल हा शब्द त्यानं मुद्दाम वापरला होता.

“सरी, तसंच करा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कळतं त्यातलं.”

दुसऱ्या दिवशी तिकडं दहन झालं. त्यानंतरचं विमान ठरल्या वेळी सुटलं, त्याच्या पुढचंही. मग इशारा उतरला आणि डोंगर निजला. साहेबांनी सगळ्यांसमोर दयानंदच्या तयारीचं कौतुक केलं, कोळंबीवाल्यानं पेढे पाठवले. दयानंदला पेढा गिळवेना. तो रोज सकाळी उठून डोंगराची बातमी बघत होता, आणि लाज वाटत असूनही, तो फुटावा असं त्याला मनापासून वाटत होतं.

अस्थी घ्यायला सत्यवतीबाई विमानतळाच्या मालगोदामात स्वतः आल्या. सोबत मुलगी होती, हर्षिता. दयानंदनं कलश पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांत घेऊन वजन अजमावलं आणि पदराखाली धरला.

“अण्णा, एक सांगा. फुटला का हो तो डोंगर?”

हर्षिताच्या हातात फोन होता. तिला खरं काय ते ठाऊक असणारच.

“फुटला, अक्का,” तो म्हणाला. मुलीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

“हो आई,” हर्षिता म्हणाली. “मी पण बघितलं. सगळी विमानं बंद होती.”

सत्यवतीबाईंनी मान हलवली. “मग बरं केलं आपण.”

दयानंदनं पुढे होऊन त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. हर्षितानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि आई बाहेर पडेपर्यंत स्वतः धरून ठेवलं.