पृथ्वीराजच्या दारातली तिसरी नोटीस

मी एक नोटीस बोलतेय. दचकू नका, तुमच्या नावची नाही. शिवाजी पेठेतल्या पृथ्वीराजच्या नावची आहे. त्याची बायको निशिगंधा हिने घटस्फोटाचा अर्ज केला आणि "अमुक तारखेला हजर राहा, नाहीतर काम एकतर्फी चालेल" असं त्याला बजावायला माझा जन्म झाला.

माझं बाळंतपण वर्षाराणी वकीलबाईंच्या टेबलावर झालं. अर्ज, शपथपत्र, लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, लग्न नोंदणीचे कागद असा सगळा संसार त्यांनी दोऱ्यात आवळून बांधला. लग्न जुळवायला एक बैठक पुरली होती, मोडायला मात्र सगळं चार-चार प्रतींत लागलं. मग कोर्टात माझ्यावर शिक्का बसला, तोही वाकडा.

माझ्या दोन थोरल्या बहिणी आधीच जाऊन तोंड पाडून परत आल्या होत्या. दोघींच्या पाठीवर एकच शेरा, 'जाबदार मिळून आला नाही.' जाबदार म्हणजे ज्याच्यावर दावा लावला तो. आता हा काय सुई होता मिळून न यायला? पेठेच्या फुटबॉल संघात बचावाला उभा राहणारा सहा फुटी गडी. मैदानात कुणालाही आडवा जायचा, पण कोर्टाचा बेलीफ दिसला की मागच्या दारानं तालमीत पसार. तीन वर्षं तो बायकोला नांदवत नव्हता आणि सोडतही नव्हता. "म्हातारी हुईपर्यंत तारखा खायला लावतो," असा निरोप त्याने तिला धाडला होता.

निशिगंधा वारणानगरला नोकरी करते. दर तारखेला रजा टाकून यायची, नोटीस लागू झाली नाही एवढं ऐकायची आणि पुढची तारीख लिहून घेऊन परत जायची. फॉर्म कुठलाही भरा, त्यात नवऱ्याच्या नावाचा रकाना असतोच, आणि तिथे हा गडी ठाण मांडून बसलेला. तिला त्याच्यापासून मोकळं व्हायचं होतं, बाकी काही मागणं नव्हतं. मीही हात हलवत परतले असते तर चौथी नोटीस, चौथी रजा.

बाबासो बेलीफ मला घेऊन पेठेत पोहोचले. दारात पृथ्वीराजची आई, धोंडुबाई. पोरगा घरात नाही, हे तिचं पाठ झालेलं उत्तर तिने याही वेळी दिलं आणि चहा ठेवला. दारी आलेला पावणा बिनचहाचा जात नाही, मग तो कोर्टाचा का असेना.

थोड्या वेळाने ती कप घेऊन बाहेर आली. सवयीनं तीन कप आणले होते. एक बाबासोंचा, एक तिचा. बाबासोंनी तिसऱ्या कपाकडे बघितलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. धोंडुबाईही कपाकडेच बघत राहिली. शेजारणीचा आहे म्हणाली असती तरी खपलं असतं. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता.

"आणा हिकडं त्यो कागद," ती म्हणाली.

आतून घोगरा आवाज आला, "आये, घिऊ नगंस."

"तू घरात न्हाईस न्हवं? मग गप बस की."

घरातल्या जाणत्या माणसाने घेतली तरी चालतं, असं सांगत बाबासोंनी अंगठ्यासाठी शाईचा पॅड काढला. तिने तो बाजूला सारला, मला मांडीवर पालथी घातली आणि एकेक अक्षर दाबून सही केली. एवढ्या जोरात, की अक्षरं माझ्या पोटावर उमटली. आतून आवाज आला हेही बाबासोंनी शेऱ्यात लिहिलं, माझी दुसरी प्रत तिच्या हातात ठेवली आणि मला घेऊन ते कोर्टात परतले.

तारखेला शिपायाने तीनदा पुकारा केला. पृथ्वीराज आला नाही. आता काम पुढे सरकणार म्हणून मी खूश, तर न्यायाधीशांनी लग्न नोंदणीचा अर्ज उलगडला. साक्षीदार म्हणून सासूचा तिथे अंगठा होता. मग नोटिशीवरची ही सही कोणाची? वर्षाराणीबाई कागद चाळू लागल्या. मी घामाने भिजायचीच बाकी होते.

निशिगंधा उभी राहिली. "सही त्यांचीच हाय, साहेब. मीच शिकवलीया."

लग्नाच्या पहिल्या वर्षी बचत गटात जायचं म्हणून तिने सासूला सही शिकवली होती. रोज भाकरीच्या वेळी, परातीतल्या पिठात बोटानं गिरवून. दोन महिने लागले, असं ती म्हणाली. बाबासोंनी सही आपल्यासमोर झाल्याचं शपथेवर सांगितलं. न्यायाधीशांनी एकतर्फीचा हुकूम केला. पुढे तिचं पुराव्याचं शपथपत्र झालं आणि दोन तारखांत तिच्या बाजूने निकालही लागला.

आता मी फाईलमध्ये पडून आहे. तुम्हाला एवढंच सांगते, दारात नोटीस आली तर घ्या. आम्ही चावत नाही, आणि लपून तर आजवर कुणावरचाही दावा टळलेला नाही.

मध्यंतरी निशिगंधा नकला घ्यायला आली होती. निकालाची नक्कल मागितली, आणि सोबत माझ्या पाठीचीही. लोक निकाल नेतात, नोटिशीची पाठ कुणी नेत नाही, असं म्हणत कारकुनाने तिला कारण विचारलं.

"माझ्या सासूची सही हाय ती," निशिगंधा म्हणाली.