घाट बघायला

ज्योतीराम पिंपरीच्या कंपनीत फिटर होता, आणि हट्टाचा पक्का. बायकोला माहेरी पाठवायचं तर माहेरून कुणीतरी मूळ म्हणून रीतसर न्यायला यायला हवं, नाहीतर पाठवणार नाही. शालनचं माहेर खोपोलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. बाप अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला, भाऊ नाही, चुलता नाही. मूळ येणार कुठून, आभाळातून? हे सांगून सांगून शालनचं तोंड दुखलं होतं. लेकीला एकदा डोळ्यांनी बघू दे म्हणून बापाने शेजाऱ्याकडून कार्ड लिहवून घेतलं, तर ज्योतीराम म्हणाला, कार्डाला पाय असतात का?

आणि आता तिची समजूत काढायला घाटाची सहल! कंपनीची लॉरी, शेजारची बिऱ्हाडं, डब्यात दशम्या नि चटणी. लोणावळा मागे पडलं तरी ज्योतीरामच्या तोंडाचा पट्टा थांबेना. हे वळण बघ, तो कडा बघ, मुंबईचे साहेबलोक हेच बघायला मोटारी काढून येतात. ज्या रानात शालनने लहानपणी करवंदं तोडली, तिथल्या करवंदीच्या जाळ्या तो तिला दाखवत होता. तिला अगदी वीट आला.

खंडाळ्याला लॉरी थांबली. खाली दरीत धुरकट उन्हात कौलांचा पुंजका दिसत होता. ज्योतीरामने दिलदारपणे बोट दाखवलं. तुझं गाव इथूनही दिसतं, म्हणाला, आता तरी हस.

शालनचं टाळकंच सणकलं. खोपोलीला उतरणारी एस.टी. नाक्यावर उभी होती. तिने दशम्यांचा डबा शेजारच्या सुमनताईंच्या हातात दिला आणि सरळ बसमध्ये जाऊन बसली.

ज्योतीराम धावत खिडकीशी आला. सगळी बिऱ्हाडं बघत होती, म्हणून आवाज दबका ठेवून म्हणाला, "अगं, मूळ आल्याशिवाय जायचं नसतं. लोक काय म्हणतील?"

"कुणीतरी न्यायला यायला हवं ना? मीच आलेय. बापाच्या घरचं दुसरं उरलंय कोण?"

तो खिडकीचा गज धरून उभा राहिला. कंडक्टरने घंटी दिली.

"आणि परत कशी येशील?"

शालनने पदराने डोळे पुसले. "न्यायला या की," ती म्हणाली. "रीतसर."

बस उताराला लागली.