मेणाच्या दोऱ्याने शिवलेला गोळा

मी शिशाचा एक जुना गोळा, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. शाळेच्या निबंधांत छत्र्या, वर्गातले फळे, फाटकी पुस्तकं आपली कहाणी सांगतात तेव्हा हुंदका आवरत गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी जड आहे, जडच बोलणार.

आधी मी एका जुन्या इमारतीतल्या पाण्याच्या नळाचा तुकडा होतो. मला घडवणारे नळदुरुस्तीचं काम करत. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी मला अंगणात पत्र्याच्या डब्यात वितळवलं आणि मातीच्या साच्यात ओतलं. आतून त्यांची बायको ओरडत होती, "त्या धुरापासून पोरीला लांब ठेवा! आणि तुम्हीही लांब राहा, मासे काय पळून चाललेत?" बाबा हसले आणि माझ्या डोक्यात तारेची कडी खोचली. माझ्यासारखेच आणखी बरेच गोळे त्या दिवशी जन्मले. मोठ्या बोराएवढे, काळपट, दिसायला कुणीच देखणं नाही.

बाबांना तळ्यावर गळ टाकून मासे धरण्याचा नाद, आणि आमचं काम गळाला तळाशी नेण्याचं. तळाला टेकलो की बाबा दोरी बोटावर घेऊन मला हळूच ओढत. खडी असेल तर मी ठकठक करत यायचो. गाळ असेल तर कुणीतरी पाय धरून ठेवल्यासारखा रुतायचो. त्यावरून ते गळाची जोडणी ठरवत. खडीवर माझ्यापासून गळापर्यंतची दोरी आखूड आणि साधा उकडलेला मक्याचा दाणा. गाळात दोरी लांब, आणि दाण्याच्या जोडीला बुचाचा बारीक तुकडा, म्हणजे आमिष माझ्यामागोमाग चिखलात जात नाही, वर तरंगत राहतं.

दाणा ते गळाला टोचत नसत. गळाच्या पाठीला केसासारखा दोरा बांधून त्याला लटकवत. कार्प मासा घाईचा नाही. घास तोंडात ओढतो, चाखतो, शंका आली की थुंकतो. दाणा बाहेर पडतो आणि मोकळा गळ खालच्या ओठात बसतो. बाबा म्हणत, "जावयासारखा मासा आहे. प्रत्येक पदार्थ चाखणार आणि नावं ठेवणार."

धरलेला प्रत्येक मासा ते परत सोडत, तेही हात ओले करून, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. त्या तळ्यात एक म्हातारी मादी होती, अंगावर मोजकेच मोठे खवले, चाल अशी की सगळं तळं तिला आंदण मिळालंय. बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं आत्याबाई. ती लागली की ते लेकीला हाक मारत, "चल, आत्याबाई आल्यात, पाया पड!"

आता माझ्याविषयीचा नियम ऐका, कारण सगळा राग तिथून सुरू होतो. मला दोरीला बांधायचं नाही. प्लास्टिकच्या चिमट्यात नुसतं अडकवायचं. मासा बुडालेल्या झाडात शिरला आणि दोरी तुटली, तर मी निसटून पडलो पाहिजे. नाहीतर मासा मला ओढत फिरतो, कुठेतरी अडकतो आणि तिथेच उपाशी मरतो. "गोळा पडला तर गोळा गेला. नाही पडला तर मासा गेला." हे बाबा इतक्यांदा सांगत की लेक त्यांच्या आधी वाक्य पुरं करायची. माझी सगळी भावंडं अशीच पडली. कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्यात रडण्यासारखं काही नव्हतंच.

बाबा गेले तेव्हा पेटीत मी एकटा उरलो होतो.

त्यांचा धाकटा भाऊ शिंपी. लेकीचा काका. त्याने मला उचललं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि आपल्या शोकेसमध्ये चहाच्या कपांशेजारी ठेवलं. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वा, भावाची वस्तू किती जपलीय हो!" मला किळस यायची. कप निदान चहाला तरी बाहेर निघत.

पुढे एका सकाळी काका आणि लेक तळ्यावर निघाले. बाबांशिवाय पहिल्यांदाच. काकाने मला रात्रीच दोरीवर चढवलं होतं. लेकीने गळामागच्या दोऱ्याला दाणा लावला आणि तिचा हात थांबला.

"काका, हा चिमट्यात का नाही?"

"चिमट्यातून पडतो तो. दादाचा शेवटचा गोळा, असा पडू देईन होय? मेणाच्या दोऱ्याने शिवलाय. कोट फाटेल, पण माझा टाका उसवणार नाही."

"बाबा म्हणायचे, तो पडलाच पाहिजे."

"तुझे बाबा पुष्कळ म्हणायचे. उद्यापासून सिगारेट बंद, असंही म्हणायचे."

ती हसली. किती तरी दिवसांनी हसली असावी, कारण काकाही तिच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. मी पाण्यात पडलो.

आणि लागली ती आत्याबाईच. तिने एका दमात बुडालेलं झाड गाठलं, दोरी फांदीवर घासली आणि माझ्या वरच्या बाजूला तुटली. मी सुटायला हवं होतं. मी अंगातला सगळा जडपणा पणाला लावला. टाका हलला नाही. शिंप्याचं काम चोख होतं, त्याला आग लागो! मी एका मुळाखाली रुतलो आणि ती माझ्या दावणीला बांधली गेली. ती हिसका द्यायची, गळ तिच्या ओठात आणखी खोल जायचा. ज्या म्हातारीला बाबांनी ओल्या हातांनी सोडलं होतं, तिला मी धरून ठेवलं होतं. मी!

काठावर काका कपाळाला हात लावून उभा होता. "गेला गं! दादाचा गोळा गेला!"

"गोळ्याचं काय घेऊन बसलात?" लेक किंचाळली. "पाणी उसळतंय बघा, ती बांधली गेलीय तिथे! कात्री आहे ना खिशात? या!"

ती छातीभर पाण्यात शिरली. काकाला पोहता येत नाही. तरी तो आला, इस्त्रीच्या पँटसकट, तोंडाने देवाचं नाव आणि शिव्या एकदमच चाललेल्या. लेकीने आत्याबाईला दोन्ही हातांनी धरलं. काकाने दोरी चाचपत मला शोधलं, ओढून पाहिलं. मी निघेना. त्याची बोटं माझ्याभोवती घट्ट मिटली आणि तशीच राहिली.

"काका, कापा."

"अगं, मग हा इथेच राहील."

"राहू दे."

"दादाचं दुसरं काही नाही गं माझ्याकडे."

"माझ्याकडेही नाही. कापा."

त्याने कापलं. स्वतःचाच टाका, तीन वेळा कात्री चालवून. वर लेकीने गळ काढला, आत्याबाईला पाण्यातच धरून ठेवलं, आणि ती गेली. ओठ फाटून गेली. काका पाण्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला. लेकीने त्याला हाताला धरून काठावर नेलं.

मी मुळाखालीच आहे. आत्याबाई कधी कधी वरून जाते. तिचा ओठ भरला, पण वाकडा भरला. म्हणून माझा राग गेलेला नाही आणि मी तो जाऊ देणार नाही.

मित्रांनो, माणूस गेला की त्याच्या वस्तू काचेत कोंडू नका. त्या वस्तूने तो जे करत होता ते करा, आणि तो जसं करत होता तसं करा. ते करताना वस्तू गेली तर जाऊ द्या. प्रेमाने मारलेली गाठसुद्धा गळफासच असते. ती मारण्याआधी जरा बघा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे.