खेर्तकाका जेवत नाही

साप घरात आणायचा नाही असं मी लवर्नला बजावलं, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि साप घरात आलेला होता.

लवर्न माझी धाकटी. थोरल्या दोघांनंतर अकरा वर्षांनी झाली. अशा मुलाला आमच्याकडे उशिराचं कोकरू म्हणतात. त्याला दूध जास्त मिळतं आणि लाथाही तेच जास्त मारतं. थोरले दोघे केपटाऊनला असतात, आपापल्या बायकांच्या ताब्यात. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

साप म्हणजे अजगर, पण बुटक्या जातीचा. चार फूट लांब, माझ्या मनगटाएवढा जाड. भ्याला की अंगाचा चेंडू करतो आणि डोकं मधोमध लपवतो. लवर्नने त्याचं नाव खेर्तकाका ठेवलं. खेर्त माझा दीर. तो रविवारी जेवायला यायचा, ताटात पडेल ते न चावता गिळायचा आणि मंगळवारपर्यंत आमच्या सोफ्यावर पडून राहायचा. मी लवर्नला रागावले, पण नाव चुकलं होतं असं मला म्हणता येईना.

पॅकिंग-शेडमध्ये सव्वीस हंगाम पिअर निवडून मी जे घेतलं त्यात एक टीव्हीचं कपाट होतं, टीव्ही ढेरपोटे असायचे तेव्हाचं. तेच तिने काकाला दिलं. कपाटाच्या पाठीला गिरमिटाने भोकं पाडली. पुढच्या सरकत्या काचांना कुलूप बसवलं, कारण नाक आत जाईल तिथून सगळा साप बाहेर जातो. एका टोकाखाली गरम होणारी चटई घातली आणि ती किती तापली हे सांगायला एक वायर आत सोडली. दुसरं टोक थंड. म्हणजे एकीकडे उन्हाळा, एकीकडे हिवाळा, काकाला हवं तिकडे त्याने जावं. म्हटलं, एवढी सोय आमच्या सेरेस गावात देवानेही माणसांची केली नाही.

दोन्ही टोकांना एकेक कुंडी पालथी घातली, दार म्हणून कड फोडून.

"एवढीशी कुंडी? गुदमरेल की तो," मी म्हणाले.

"मा, त्याला घट्टच लागतं. चारी बाजूंनी अंग टेकलं पाहिजे. मोकळ्यात तो घाबरतो."

मी आपली मदत म्हणून शेडमधून पाइनचा भुसा पोतंभर आणून आत पसरला. फुकट, स्वच्छ, वासाला छान. लवर्न कामावरून आली आणि किंचाळली. पाइनच्या तेलाने सापाची छाती भरते म्हणे. मला काय ठाऊक? मी आयुष्यभर त्या भुशात उभी राहिले, माझ्या छातीसाठी कुणी किंचाळलं नाही. मग भुसा काढून चर्चचं पत्रक अंथरलं. दर आठवड्याला नवं. आमच्या पाळकांचं लिखाण इतकं मन लावून आणखी कुणाच्या पोटाखाली जात नसेल.

ही सगळी मांडामांड झाली आणि वर्षभरात लवर्नला आयर्लंडला नर्सची नोकरी लागली.

"सहा महिने, मा. मग मी त्याची काहीतरी व्यवस्था करते."

"आणि माझी?"

"तुझी काय करायची?" ती हसली. मीही हसले. चूक तिथेच झाली.

जाण्याआधी तिने मला काकाचं जेवण शिकवलं. दर बारा दिवसांनी एक उंदीर. वुस्टर गावचा फोर्तेन नावाचा सापवाला गोठवलेले उंदीर पाठवतो, ते बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीमच्या डब्यात. शेजारच्या द्रीकाने एकदा न विचारता तो डबा उघडला, तेव्हापासून ती माझ्याकडे आइस्क्रीम मागत नाही. आदल्या संध्याकाळी उंदीर खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून गरम पाण्यात, हाताला कोमट लागेपर्यंत. मग मांस भाजायच्या लांब चिमट्याने शेपटीला धरून काकापुढे हलवायचा. त्या चिमट्याला मी लाल लोकर बांधली, नाहीतर एखाद्या सणाला आमच्याच कटलेटांना लागायचा. काका झडप घालतो, वेटोळं घालतो, डोक्याकडून गिळतो. त्यानंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. हलवलं तर ओकतो, आणि ओकलेला अजगर मरूही शकतो.

"हे दोन दिवस मात्र पाळ, मा. बाकी काही विसरलीस तरी चालेल."

मी काही विसरत नाही. कपाटाच्या बाजूला तिने पुठ्ठा चिकटवला होता. तारीख, आणि खाल्लं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. तेवढं मला लिहिता येतं. चार वर्षं शाळेत गेले आहे मी.

सहा महिन्यांची दोन वर्षं झाली.

रविवारी चर्चनंतर लवर्नचा फोन यायचा, चित्र दिसणारा. "मा, काका कसा आहे? दाखव ना." मी फोन काचेला लावायची. तिला काका दिसायचा आणि मला फोनची पाठ. "पुठ्ठा दाखव. पाणी बदललंस? कात नीट उतरली?" पंधरा-वीस मिनिटं छान जायची. काका संपला की आमचं बोलणं संपायचं.

आता माझी तक्रार करायची पद्धत सांगते. कुणी "कशी आहेस" विचारलं की "बरी आहे" म्हणणारी बाई मी नव्हे. बरी आहे म्हटलं की लोक पुढे निघून जातात. म्हणून दर रविवारी मी लवर्नला ऐकवायची, "घेऊन जा बाई तुझा हा काका. माझ्या कपाटाचं वाटोळं केलं. चर्चच्या बायका घरात पाऊल टाकत नाहीत. मी काय या वयात सापाची मोलकरीण होऊ?"

वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे तानी म्हणतात. द्रीका कुंपणावरून म्हणायची, "तानी लेना, एवढा जड वाटतो तर सोडून दे की डोंगरात."

"डोंगरात बर्फ पडलाय, डोळे आहेत का तुला? तो गरम देशाचा आहे." असं म्हणून मी आत यायची.

त्या हिवाळ्यात लोडशेडिंगने कहर केला. दिवसातून तीनदा वीज जायची. चटई थंड पडली की मी गॅसवर पाणी तापवून रबरी पिशवी भरायची, ती माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या स्वेटरच्या बाहीत घालून कुंडीला टेकवून ठेवायची. जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, एका संध्याकाळी गॅसही संपला. द्रीका मुलीकडे गेली होती. मी काकाला उशीच्या अभ्र्यात घातलं, तोंड बांधलं आणि अभ्रा माझ्या जर्सीच्या आत, पोटाशी धरून खुर्चीत बसले. आधी तो दगडासारखा गार लागला. मग हळूहळू सैल झाला आणि माझ्या बरगडीला अंग लावून पडून राहिला. वीज साडेतीन तासांनी आली. त्याला परत ठेवायला मी लगेच उठले नाही.

हिवाळ्यात काकाने जेवण सोडलं. सलग चार फुल्या. लवर्न म्हणाली, काळजी नको, थंडीत हे अजगर उपास करतात. मी म्हणाले, "काळजी कोण करतंय? उंदीर वाया जातात."

आणि ऑगस्टमध्ये तिने आनंदाने सांगितलं, "मा, तुझी सुटका केली मी!"

"कशातून?"

"काकातून. फोर्तेन त्याला घेतायत. त्यांच्याकडे मोठी खोली आहे, वीज गेली तर जनरेटर आहे. फक्त सलग तीनदा जेवला पाहिजे. उपाशी साप ते घेत नाहीत."

 काय म्हणायचं होतं? नको? दोन वर्षं जे घेऊन जा म्हणून ओरडले तेच? मी म्हणाले, "बरं झालं. कपाट मोकळं होईल."

मग मी आत जाऊन कपाटापुढे बसले. काका गेला तर लवर्न रविवारी कशासाठी फोन करेल, एवढाच विचार होता. मला बघायला? मला तर ती बघतच नव्हती.

पहिलं जेवण त्याने घेतलं. बरोबरची खूण. दुसरंही घेतलं. तिसऱ्या वेळी मी उंदीर मुद्दाम थोडा गारच ठेवला. त्या अधाशाने तोही झडप घालून घेतला. खेर्तच तो.

मी पेन उचललं आणि फुली काढली.

खोटं बोलणाऱ्या माणसांना मी जन्मभर दारातून परत पाठवलंय. ती फुली काढताना हात जराही हलला नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटलं.

रविवारी म्हणाले, "नाही खाल्लं." लवर्न म्हणाली, "अरे. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचं." मी मनात म्हणाले, मोज. न खाल्लेला उंदीर फेकूनच द्यायचा असतो, त्यामुळे फोर्तेनकडून उंदीर येत राहिले आणि कुणाला संशय आला नाही. पाच जेवणं झाली, पाच फुल्या झाल्या. फोन काचेला लावताना मी काकाच्या अंगावर पत्रकाचा कागद ओढून ठेवायची, पोट दिसू नये म्हणून.

खरं सांगते, ते दिवस मजेत गेले. लवर्न आठवड्यातून दोनदा फोन करू लागली. "श्वास घेताना आवाज येतो का गं? तोंडाला फेस?" ती रात्रपाळी करून, डोळे सुजलेले असताना विचारायची आणि मी म्हणायची, "फेस नाही. पण मलूल आहे." एकदा ती रडली. मी फोन काचेकडे फिरवला.

मग ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी फोर्तेन स्वतः दारात उभा. पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला माणूस. हातात पिशवी. त्याने आधीच लवर्नला फोन लावला होता. फोन त्याने माझ्या बशांच्या मांडणीवर उभा केला. त्यात लवर्न, गणवेशातच.

"मा, मीच बोलावलं त्यांना. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"तानी, घाबरू नका," फोर्तेन म्हणाला. त्याने पिशवीतून एक बारीक नळी आणि मोठी पिचकारी काढली. "इतके दिवस उपाशी म्हणजे आता जबरदस्तीच करावी लागेल. तोंड उघडायचं, नळी पोटापर्यंत, पातळ अन्न आत. दोन मिनिटांचं काम." आणि त्याने कुलपाला हात घातला.

काका आदल्या संध्याकाळी जेवला होता.

मी काचेला पाठ लावून उभी राहिले.

"हात लावू नका."

"तानी, उपाशी साप..."

"उपाशी नाही. काल जेवलाय. पूर्ण."

फोर्तेनने पुठ्ठा पाहिला. "पण इथे तर फुली आहे."

"फुली मीच काढली."

"आणि याच्या आधीच्या?"

"त्याही."

तो वाकला, त्याने माझ्या बाजूने काचेतून आत पाहिलं. कागदाखालून काकाचं फुगलेलं पोट दिसत होतं. त्याने नळी मुकाट्याने पिशवीत ठेवली.

मांडणीवरून लवर्न म्हणाली, "मा? मला समजलंच नाही. तो जेवतोय?"

"जेवतोय."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"मी इथे झोपले नाही गं. तो माझ्यामुळे मरतोय असं वाटत होतं मला. का केलंस असं?"

फोर्तेन खिडकीबाहेर बघू लागला. परक्या माणसासमोर मी आयुष्यात काही मागितलं नाही, घरच्यांसमोर तर त्याहून नाही. पण आता उत्तर दिलं नसतं तर तिला वाटलं असतं की तिला छळायलाच केलं.

"मला तो हवाय," मी म्हणाले. "इथे. माझ्याजवळ."

"मग नुसतं सांगायचं ना!"

"आज सांगितलं."

 लवर्न म्हणाली, "फोर्तेन, राहू दे त्याला तिथेच," आणि चित्र गेलं.

फोर्तेनने चहा घेतला नाही. दारात म्हणाला, "चांगला पोसलाय, तानी. थोडा जास्तच."

"जास्त-कमी मला कळतं," मी म्हणाले आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चहून येऊन मी फोन मांडीवर घेऊन बसले. तो वाजला नाही. बुधवारीही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊणला मी चर्चची टोपी काढली, एकला जेवले, दोनला भांडी धुतली. काका कुंडीत होता. वीज होती. त्याला माझी काही गरज नव्हती.

फोन मी कधी कुणाला केलेला नाही. ज्याला गरज त्याने करावा, हा माझा नियम आणि तो थोरल्या दोघांना पाठ आहे. लवर्नला कसा लावायचा हेही मला ठाऊक नव्हतं. द्रीकाला हाक मारली असती तर गावभर झालं असतं. लवर्नच्या चित्रावर बोट ठेवलं, काही झालं नाही. आणखी एकदा ठेवलं, तर माझाच चेहरा पडद्यावर आला, हनुवटीखालून, आणि घंटी वाजू लागली.

खूप वाजली. मग लवर्न दिसली, केस विस्कटलेले, मागे मी कधी न पाहिलेली भिंत.

"मा? काय झालं? काकाला काही झालं का?"

"काकाला काही झालं नाही."

"मग?"

सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. ना कात, ना पाणी, ना पुठ्ठा. 

"मग काही नाही," मी म्हणाले. "मी फोन केलाय."

ती फोनकडे बघत राहिली. रागावली होती हे दिसत होतं. तिच्याकडे पाऊस पडत असावा, तिच्या खिडकीवर आवाज येत होता. मी फोन काचेकडे फिरवला नाही. तिनेही ठेवला नाही.