काळ्या ओट्यावरची पिठाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना काळा ओटा आहे. जुना म्हणजे किती, तर अवघा अडीच वर्षांचा. दगडाच्या आयुष्यात अडीच वर्षं म्हणजे कालपरवाची गोष्ट. मला बसवणारे मिस्त्री छातीठोकपणे म्हणाले होते, की हा पन्नास वर्षं जागचा हलायचा नाही. आणि आज मी मागच्या दारी, कपडे धुवायच्या जागी आडवा पडलो आहे. जे घडलं ते मला अजूनही खरं वाटत नाही.

खाणीतून निघालो तेव्हा मी एक राखाडी, खरबरीत धोंडा होतो. घासून घासून मला चकाकी आणली, तेव्हा आपण एवढे काळे आहोत हे मलाच पहिल्यांदा कळलं आणि मी दचकलो. मला निवडलं ते सूनबाईंनी. त्या कापडाच्या दुकानात काम करत. कोणत्या रंगावर कोणता रंग खुलतो, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. स्वयंपाकघर करायचं तर सगळं काळं, असं त्यांनी ठरवलं. कपाटं काळी, शेगडीची काच काळी, खालची फरशीही काळी, आणि या सगळ्यांचा म्होरक्या मी. आधीचा पांढरा ओटा फोडून नेला तेव्हा मला त्याची जराही कीव आली नाही.

काय माझा थाट होता! येणारा जाणारा दारातच थबके. चहाचे डाग, तेलाचे ओघळ, पातेल्यांच्या बुडाची काजळी, सगळं मी पोटात घालायचो. पांढऱ्या ओट्याला जन्मात जे जमलं नसतं ते मला उपजतच येत होतं. कौतुक ऐकून ऐकून मी पुरता शेफारलो.

पण आठवडाभरात माझा तोरा उतरला. पाण्याचा थेंब सुकला की माझ्यावर पांढरा ठिपका. मिठाचा कण सांडला तरी तो लांबून चमके. बोटांचे ठसे तर विचारूच नका. सूनबाई दिवसातून सहा वेळा फडकं फिरवायच्या आणि सातव्यांदा कपाळावर हात मारून घ्यायच्या. भर दुपारी दिवा लावावा लागे. काळ्या मुठीची सुरी माझ्या अंगावरच पडलेली असे आणि त्या ती तीन खणांत शोधत बसत. काळ्या मुंग्या साखरेच्या डब्यापर्यंत पोहोचल्या तरी कुणाला पत्ता नाही. खरी घाण मी लपवत होतो आणि साध्या पाण्याची चहाडी करत होतो. दिसतं तसं नसतं म्हणतात, ते माझ्याच बाबतीत खरं ठरावं, याचा मला मोठा धक्का बसला.

आता आबांविषयी सांगतो. आबा म्हणजे सूनबाईंचे सासरे. पस्तीस वर्षं त्यांनी बेकरीत पाव भाजले होते. घरी बसले तरी सकाळचा ओटा त्यांचाच. नातीचं दूध तापवायचं, कणीक मळायची, आठवड्यातून दोनदा पाव भाजायचा. तिथे ते कुणाला लुडबुडू देत नसत. ते आले की पहिलं काम एकच. डब्यातून मूठभर पीठ घ्यायचं आणि माझ्या कडेकडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर रुंदीची पट्टी ओढायची.

मला याचा भयंकर राग यायचा. आरशासारखं माझं अंग, आणि हे गृहस्थ रोज त्यावर पीठ फासतात! बेकरीत कणकेखाली पीठ भुरभुरायची पद्धत असते म्हणे. घरातल्यांनी तेच धरलं. आबांचा हात पिठाशिवाय चालतच नाही, असं म्हणून त्यांचा मुलगा हसायचा. सूनबाई मात्र आबांचं काम आटोपलं की ती पट्टी पुसून टाकायच्या. मी मनातल्या मनात त्यांना शाबासकी द्यायचो. ज्या दिवशी कणीक मळायची नसे, पाव भाजायचा नसे, त्या दिवशीही आबा पट्टी ओढतात, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण तसं का, हे कुणीच विचारलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी सूनबाईंच्या दुकानातल्या मैत्रिणी हे काळं स्वयंपाकघर बघायला येणार होत्या. आबांनी पट्टी ओढली, दूध शेगडीवर ठेवलं आणि ते कपात साखर घालायला वळले. तेवढ्यात सूनबाई आल्या आणि त्यांनी मला लखलखीत पुसलं. मी खूश झालो. नात जवळच उभी होती. चप्पल सापडेना म्हणून ती शोधायला बाहेर पळाली. आबांनी फडक्यात धरून उकळत्या दुधाचं पातेलं उचललं आणि माझ्यावर ठेवलं.

माझ्यावर कसलं, मित्रांनो! अर्धं माझ्यावर आणि अर्धं हवेत.

मी दगड आहे, पण त्या आवाजाने माझंही काळीज फाटलं. नात दोन पावलांपूर्वी जिथे उभी होती तिथे वाफाळतं दूध पसरलं. आबांच्या पायावरची कातडी लाल झाली. सूनबाईंनी धावत येऊन त्यांच्या पायावर पाणी ओतलं, आणि घाबरलेलं माणूस रागावतं तशा त्या रागावल्या. लक्ष कुठे होतं, एवढा मोठा ओटा दिसला नाही का, असं बरंच बोलून गेल्या. आबा माझी कड चाचपत होते.

"माझी पट्टी कुणी पुसली?" ते हळूच म्हणाले.

"कसली पट्टी, आबा?"

"अगं, काळ्यात काळं मला कळत नाही आता. पीठ तेवढं दिसतं. पीठ संपलं की ओटा संपला, असा माझा हिशेब असतो."

कधीपासून, असं सूनबाईंनी विचारलं. दोन वर्षं झाली, आबा म्हणाले. मग बोलला का नाहीत?

"बोललो असतो तर तुम्ही मला खुर्चीत बसवलं असतं."

मित्रांनो, ज्या पट्टीचा मी दोन वर्षं राग केला, तिच्या आधारावर एक माणूस त्याच्या हक्काच्या कामाला चिकटून होता. आणि ती रोज पुसली जाताना मी टाळ्या वाजवत होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, एका डोळ्याची नजर गेली ती गेली. दुसरा डोळा रोज औषध घातलं तर टिकेल. दोन वर्षं आधी आला असता तर, असं म्हणून ते थांबले. मुलगा हादरला होता. आजपासून आबांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असं त्याने जाहीर केलं. आबा खुर्चीत बसले. आठ दिवस ते तिथेच होते, हात मांडीवर ठेवून. पाय बरा होत आला, पण माणूस मात्र वाळत चालला. मला ते बघवत नव्हतं.

नवव्या दिवशी सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आबांना ओट्यावरून उठवायचं नाही. ओटाच उठवू."

मिस्त्री आले आणि चक्रावले. असा दगड कुणी काढतं का, ताई, असं त्यांनी परत परत विचारलं. सूनबाईंनी मला किती हौसेने निवडलं होतं ते मला ठाऊक होतं. पहिला घाव बसला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, पण थांबा म्हणाल्या नाहीत. माझ्या जागी फिकट दगड आला, त्याला गडद कड आली. दुसऱ्याच दिवशी तिथून भाजलेल्या पावाचा वास आला. तो मागच्या दारापर्यंत पोहोचला.

मी रुसलेलो नाही. काळ्या रंगाचा दोष नाही, तो ज्याला मानवेल त्याने खुशाल निवडावा. माझं मागणं एवढंच आहे. घराचा रंग ठरवताना घरातल्या प्रत्येकाला विचारा. आणि जो म्हणेल, 'माझं काय, मला काहीही चालेल', त्याच्याजवळ बसून पुन्हा एकदा विचारा.