पटवारीच्या पोटातला धागा

वासुदेवरावांनी चिमटीत धाग्याचं टोक धरलं होतं. दुसरं टोक बोक्याच्या पोटात होतं.

सकाळपासून चार उलट्या झाल्या होत्या. पहिलीत भात, दुसरीत पिवळं पाणी, पुढच्या दोन्हींत नुसताच आवाज. आता त्याच्या जिभेखालून बदामी कोशाचा रेशमी धागा लोंबत होता. वासुदेवराव तीस वर्षं मागावर बसलेले. सुटं टोक दिसलं की त्यांची बोटं ते ओढत. त्यांनी ओढलं. दोन बोटं धागा बाहेर आला आणि बोका माणसासारखा ओरडला.

बोक्याचं नाव पटवारी. कुणाच्याही घरात तो न विचारता शिरे आणि काहीतरी घेऊनच निघे.

"सोडा जी!" मनकर्णाबाई चुलीपासून धावल्या. "माग समजून राहिले का त्याले?"

आंधळगावहून मोहाडीचा ढोरांचा दवाखाना सायकलने तासाभराचा. पटवारी टोपलीत, टोपली मनकर्णाबाईंच्या मांडीवर, मनकर्णाबाई कॅरियरवर.

डॉक्टरच्या रजिस्टरात मांजराचा रकाना नव्हता. त्याने बराच विचार करून पटवारीला 'शेळी'खाली लिहिलं आणि पोट दाबून पाहिलं.

"धागा कोणी ओढला?"

वासुदेवराव भिंतीवरच्या म्हशीच्या चित्राकडे पाहू लागले.

"कोणाचा हात नाही लागला, साहेब," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"लावूही नका. एक धागा ओढला की कापड कसं चुणतं? तसंच आतडं चुणतं. मग चिरतं."

वासुदेवरावांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"धाग्याला सुई होती?"

"नाही जी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सुई घरी गोधडीतच खुपसली आहे."

"नक्की? सुई असेल तर आजच नागपूरला न्या. तिथे पोट उघडतात. नसेल तर काही खाऊ घालू नका, उद्या सकाळी आणा."

घरी आल्यावर मनकर्णाबाईंनी गोधडी झटकली. मग उलटी करून झटकली. मग कोपरा झाडला, आणि झाडूच उलटा धरून त्याची एकेक काडी चाळली.

"काय शोधून राहिली व?"

"काही नाही."

काही नाही म्हणत त्यांनी मागाच्या खड्ड्यात हात घातला आणि तळाची माती चाचपली.

वासुदेवरावांनी सायकल काढली.

"कुठं चालले जी?"

"चाकात हवा भरून आणतो."

ते अर्ध्या तासाने परतले. चाकात हवा होती तेवढीच होती. ते थेट मागाच्या खड्ड्यात उतरले, थोडा वेळ वाकले आणि ओरडले, "हे पाह्य! सापडली. इथंच पडली होती."

मनकर्णाबाईंनी सुई उजेडात धरली. त्यांची सुई गोधड्या शिवून शिवून धनुष्यासारखी वाकली होती. ही सरळ होती. तिला दुकानातल्या तेलकट कागदाचा वास होता.

"हेच व्हय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सुई गोधडीत जागेवर खुपसली.

टोपलीत पटवारी खाकरला. दोघांनीही टोपलीकडे पाहिलं नाही. सुईकडे पाहिलं.

"नागपूरची मोटर किती वाजता असते जी?"

"साडेचारले," वासुदेवराव लगेच म्हणाले. ते विचारून आले होते.