चार उतरते सूर

नेपल्सच्या त्या चर्चमध्ये ओत्ताविओ चाळीस वर्षं एकाच विलापगीताला चेलोची साथ करत आला होता. गीत तीनशे वर्षांपूर्वीचं. टाळ्या गाणारीला, आणि याच्या वाट्याला तिच्या आवाजाखाली फिरत राहणारे चार उतरते सूर. आता फियामेत्ता नावाच्या तरुण गायिकेने ते गीत नव्याने बांधलं होतं.

"पणजीला जीन्स चढवायला निघालीस का गं?" तालमीला तो गुरगुरला.

"आधी वाजवा, मास्तर. शिव्या मग घाला."

वाजवता वाजवता तो चकित झाला. पोरीने चाल पार फिरवली होती, पण दुःख तसंच ओलं होतं. मेणबत्त्या विकणारी बाईसुद्धा काम टाकून ऐकत उभी राहिली. शेवटच्या कडव्याला मात्र फियामेत्ता गप्पच झाली. विसरली बिचारी! तिला सांभाळून घ्यायला तो तेच चार सूर हलकेच घोळवत राहिला. ती डोळे मिटून पायरीवर बसली.

"शब्द विसरलीस ना?" संपल्यावर त्याने विचारलं.

"नाही, मास्तर. तिथे गाणं तुमचंच आहे."

ओत्ताविओने चेलोचा गज पुसून पुन्हा तारांवर टेकवला.

"मग पुन्हा घेऊ या," तो म्हणाला. "मघाशी मी सवयीने, कुणाला ऐकू जाणार नाही असं वाजवलं."